रक्ताच्या आकड्यांवरून तोंडाच्या कर्करोगात आयुष्याचा अंदाज बांधता येतो का?

नमस्कार. तुम्ही वडिलांविषयी जे लिहिले आहे ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही भंडारा जिल्ह्यातले. वडिलांचे वय ५४, अनेक वर्षांची खर्ऱ्याची (तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या मिश्रणाची) सवय, डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग. तीन आठवड्यांपूर्वी नागपुरात शस्त्रक्रिया झाली, गाठ आणि मानेतील ग्रंथी काढल्या. काढलेल्या भागाच्या अहवालात गाठ ३.८ सेंटिमीटर, तिची खोली १२ मिलिमीटर, मार्जिन (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडा) स्वच्छ, मानेतील दोन ग्रंथींमध्ये आजार, ग्रंथीच्या आवरणाबाहेर प्रसार नाही, आणि स्टेज ४ ए असे लिहिले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गालाला सूज येऊन पू झाला होता व अँटिबायोटिक चालू होते. त्या दिवसांतल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी १३,८००, त्यांतले न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १५ टक्के आणि हिमोग्लोबिन १०.४ होते; रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत अल्ब्युमिन हे प्रथिन ३.१ होते. तुम्ही ७८ ला १५ ने भागून ५.२ हे गुणोत्तर काढले, ते जास्त असलेले रुग्ण कमी जगतात असे कुठेतरी वाचले, आणि आता विचारता आहात की बाबांच्या हाती किती काळ आहे आणि एका लॅबने सुचवलेले कॅन्सर मार्करचे पॅकेज करून घ्यावे का. अगदी शेवटी तुम्ही लिहिले आहे की आकडा इतका वाईट असेल तर सहा आठवडे रेडिएशनचा त्रास त्यांना द्यायचा की नाही, यावर घरात बोलणे चालू आहे.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. या गुणोत्तराच्या आधारावर रेडिएशन टाळण्याचा निर्णय कृपया घेऊ नका. मी नागपुरात डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर रेडिएशनचे उपचार करते आणि असे हिशेब केलेले कागद घेऊन आलेली मुले-मुली मला ओपीडीत वरचेवर भेटतात. मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही. त्यांची जखम किती भरली, तोंड किती उघडते, मूत्रपिंडे कशी आहेत, त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, यावर बरेच अवलंबून आहे आणि त्या बाबतीत त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. परंतु तुम्ही दिलेल्या माहितीत जे दिसते त्यावरून हा आकडा कसा वाचायचा, हे मात्र मी नक्की सांगू शकते.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तराला एनएलआर म्हणतात. त्यामागचा विचार चुकीचा नाही. कर्करोगाची गाठ शरीरात सतत दाह चालू ठेवते, तिच्यातून व आसपासच्या पेशींतून अशी द्रव्ये बाहेर पडतात की अस्थिमज्जा जास्त न्यूट्रोफिल तयार करू लागते. हे न्यूट्रोफिल गाठीला रक्तवाहिन्या वाढवायला आणि पसरायला मदत करू शकतात. दुसरीकडे लिम्फोसाइट म्हणजे कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणारी फौज; ती कमी पडली की प्रतिकार कमी. त्यामुळे गुणोत्तर वाढलेल्या रुग्णांच्या गटात मृत्यूचा धोका साधारण दीड ते दोन पट आढळतो आणि हा निष्कर्ष अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आला आहे. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटचे गुणोत्तर, लिम्फोसाइट आणि मोनोसाइटचे गुणोत्तर, सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) व अल्ब्युमिन मिळून काढला जाणारा ग्लासगो स्कोअर, ही सगळी याच कुळातली मापे आहेत. ती आकर्षक वाटतात, कारण सीबीसी तालुक्याच्या ठिकाणीही होते आणि स्वस्तात होते.

अडचण पुढे सुरू होते. यातले बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरवरून, मागे वळून केलेले आहेत. कोणता आकडा 'जास्त' मानायचा यावरही एकमत नाही. कोणी २ च्या वर धरले, कोणी ३, कोणी थेट ५. अनेकदा तर आपल्याच रुग्णांमध्ये ज्या आकड्याला सर्वांत ठळक फरक दिसला तोच आकडा सीमारेषा म्हणून निवडला गेला, आणि अशी सीमारेषा दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांना लावली की तो फरक बहुधा फिका पडतो. शिवाय ज्यांची गाठ मोठी, ज्यांचे वजन घटलेले, ज्यांच्या तोंडात जंतुसंसर्ग आहे, त्यांचे गुणोत्तर मुळातच वाढलेले असते. मग रुग्ण गुणोत्तरामुळे दगावला की मोठ्या गाठीमुळे, हे वेगळे काढणे कठीण होते. आजही तोंडाच्या कर्करोगात एनएलआर पाहून उपचार द्यायचे की नाही हे ठरवले जात नाही.

आता तुमच्या वडिलांचीच सीबीसी पाहू या, कारण इथे नुसता भागाकार दिशाभूल करतो. टक्के नेहमी शंभरातच बसवावे लागतात. एक वाढला की दुसरा कागदावर आपोआप घटतो, प्रत्यक्षात घटला असो वा नसो. म्हणून टक्क्यांऐवजी पेशींची खरी संख्या काढायची. १३,८०० चे १५ टक्के म्हणजे २,०७० लिम्फोसाइट. प्रौढ माणसात साधारण १,००० ते ३,००० असतात, म्हणजे ही संख्या अगदी ठीक आहे, लिम्फोसाइटची फौज कमी झालेली नाही. १३,८०० चे ७८ टक्के म्हणजे सुमारे १०,७६० न्यूट्रोफिल, आणि ते मात्र नेहमीच्या ७,००० ते ७,५०० च्या वरच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त आहेत. ते का वाढले याचे एक साधे आणि पुरेसे कारण तुम्हीच लिहिले आहे: गालात पू झाला होता. ५.२ या आकड्यात कर्करोगाचा वाटा किती आणि त्या पुवाचा किती, हे कोणालाही वेगळे करून सांगता येणार नाही. वैनगंगेला पूर आलेला असताना पात्राची रुंदी मोजावी आणि नदी कायम एवढीच असते असे समजावे, तसे हे होईल.

असेच घोटाळे इतर कारणांनीही होतात. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. त्या दिवशीचे गुणोत्तर दहाच्या वर गेले तरी त्याला अर्थ नसतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतही तेच. आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकल सेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार. हा आजार असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी एरवीही जास्त असतात आणि हिमोग्लोबिन कमी असते, त्यामुळे बाहेरच्या देशांतली सीमारेषा त्यांना लावणे योग्य नाही. वडिलांची सिकलची तपासणी पूर्वी झाली नसेल तर हिमोग्लोबिन १०.४ का आहे हे शोधताना ती एकदा करून घ्यावी, असे मी त्यांच्या डॉक्टरांना सुचवेन.

समजा आकडा निखळ होता, पू नव्हता, औषधे नव्हती. तरीही 'धोका दीडपट' याचा अर्थ 'आयुष्य अर्धे' असा होत नाही. निव्वळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेते. कमी गुणोत्तराच्या १०० रुग्णांपैकी पाच वर्षांनी ६० जण हयात आहेत आणि जास्त गुणोत्तराच्या १०० पैकी ४५, असे धरा. संशोधकासाठी हा फरक मोठा आहे आणि त्यावर शोधनिबंध लिहिला जाईल. पण चांगल्या म्हटलेल्या गटातले ४० जण राहिले नाहीत आणि वाईट म्हटलेल्या गटातले ४५ जण घरी आहेत, कामावर जात आहेत. तुमचे वडील त्या ४५ मधले की ५५ मधले, हे गुणोत्तर सांगत नाही. गटाविषयी खरे असलेले विधान एका माणसावर लावले की ते तितके खरे राहत नाही, आणि घरातले निर्णय मात्र एका माणसाविषयी घ्यायचे असतात.

भविष्याविषयी अधिक सांगणारा कागद तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे काढलेल्या भागाचा अहवाल. त्यातल्या दोन ओळींकडे मी सर्वांत आधी पाहते: मार्जिन आणि ग्रंथीच्या आवरणाबाहेरचा प्रसार. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले की शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देण्याचा फायदा मुख्यतः ज्यांच्या मार्जिनमध्ये आजार राहिला आहे किंवा जो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे त्यांना होतो. तुमच्या वडिलांच्या अहवालात या दोन्ही गोष्टी नाहीत. ही मनापासून समाधानाची बाब आहे, आणि हे तुम्हाला कोणी नीट बसवून सांगितले नसावे असे तुमच्या पत्रावरून वाटते. दोन ग्रंथींमध्ये आजार आहे आणि गाठ १२ मिलिमीटर खोल आहे, म्हणून रेडिएशन हवे. केमोथेरपीची जोड हवी का, हे त्यांचे डॉक्टर बाकीचा अहवाल पाहून ठरवतील, पण ती अटळ आहे असे या माहितीवरून दिसत नाही.

स्टेज ४ ए या शब्दांनी घरात जी भीती पसरते तिच्याबद्दलही लिहिले पाहिजे. चौथी स्टेज म्हणजे शेवटची, असे लोक धरून चालतात. तोंडाच्या कर्करोगात चौथ्या स्टेजचे ए, बी आणि सी असे तीन भाग आहेत. फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पसरलेला आजार ४ सी मध्ये येतो. ४ ए मध्ये आजार तोंड आणि मान एवढ्यापुरताच असतो, आणि उपचार बरे करण्याच्याच उद्देशाने दिले जातात. वडिलांना ४ ए मिळाली ती मानेतल्या एकापेक्षा जास्त ग्रंथींमुळे. किती काळ, या प्रश्नावर मी माझ्या रुग्णांना इतकेच सांगते की हा आजार परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. ती दोन वर्षे नियमित तपासणीत निर्विघ्न गेली की पुढचा अंदाज कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा अधिक भरवशाने करता येतो.

तुम्ही हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन 'वाढवून घेता येईल का' असेही विचारले आहे. इथे मी जरा थांबते, कारण या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा अनुभव इथेच आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो, हे फार पूर्वीपासून दिसत होते, आणि कारणही पटण्यासारखे होते: गाठीला ऑक्सिजन कमी पोहोचला की रेडिएशनने होणारी इजा पेशी दुरुस्त करू शकतात. मग हिमोग्लोबिन वाढवले की निकाल सुधारेल, असे सर्वांनाच वाटले. २००३ साली डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रेडिएशनसोबत एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे हिमोग्लोबिन वाढवणारी, इंजेक्शने दिली होती, निम्म्यांना औषध नसलेली. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन ठरवलेल्या पातळीवर पोहोचले, दुसऱ्या गटात अवघे १५ टक्के. आकडा उत्तम सुधारला. मात्र इंजेक्शन घेतलेल्या गटात आजार परत येण्याचे प्रमाण जास्त निघाले आणि जगण्याचे कमी. म्हणून रेडिएशन चालू असताना केवळ आकडा वर नेण्यासाठी ही इंजेक्शने आम्ही देत नाही. लोह कमी असेल तर लोह द्यावे, रक्तस्राव असेल तर थांबवावा, हिमोग्लोबिन फारच खाली गेले तर रक्त चढवावे, १०.४ वर घाबरण्यासारखे काही नाही.

अल्ब्युमिनचेही तसेच आहे. ३.१ पाहून नातेवाईक अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या आणायला तयार होतात. बाटली चढवली की रिपोर्टमधला आकडा काही दिवस चढतो, बाकी काही बदलत नाही. अल्ब्युमिन शरीरात साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते, आणि ते केवळ आहार कमी पडल्याने नव्हे तर संसर्ग व दाहामुळेही घसरते. पू गेल्यावर आणि जखम भरल्यावर ते हळूहळू स्वतःच वर येईल. त्यापेक्षा घरी वजनकाटा आणा आणि आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, तशाच कपड्यांत वजन लिहून ठेवा. रोजच्या आहारात प्रत्येक किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने जायला हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. आपल्याकडे आजाऱ्याला वरणाचे पाणी देण्याची पद्धत आहे, पण त्या पाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात, डाळ पातेल्यात राहते. डाळ घोटून, अंडी, दूध, दही, दाण्याचे कूट, जे चालते ते मऊ किंवा पातळ करून द्या. खर्ऱ्यामुळे तोंड आधीच कमी उघडत असेल आणि घास जात नसेल, तर नाकातल्या नळीने खाणे देण्याला नकार देऊ नका. ती तात्पुरती असते आणि उपचार मध्येच थांबण्यापासून वाचवते.

रक्तातून कर्करोगाविषयी खरोखर भरवशाची माहिती मिळते असे प्रकार आहेत, आणि ते का भरवशाचे आहेत हे पाहिले की लॅबच्या पॅकेजचे उत्तर आपोआप मिळते. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात एप्स्टाइन-बार विषाणूचा डीएनए रक्तात सापडतो. हाँगकाँगमध्ये वीस हजारांहून जास्त पुरुषांची अशी तपासणी करून तो आजार लवकर पकडता येतो हे २०१७ मध्ये दाखवले गेले, आणि उपचारांनंतरही तो डीएनए रक्तात राहिला तर आजार परतण्याचा धोका जास्त असतो. टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या एचपीव्हीशी निगडित कर्करोगातही रक्तातल्या या एचपीव्ही विषाणूच्या डीएनएचा माग काढण्याचे काम पुढे गेले आहे. या दोन्हींमध्ये रक्तात दिसणारा धागा थेट गाठीतूनच आलेला असतो. पहिला आजार आपल्या देशात मुख्यतः ईशान्येकडे आढळतो, दुसरा पाश्चात्त्य देशांत जास्त. खर्ऱ्याने गालात होणाऱ्या कर्करोगात विषाणूचा असा धागा नसतो, त्यामुळे या तपासण्या वडिलांना लागू नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या यादीत सीईए, सीए १९-९, एससीसी अँटिजेन आणि सायफ्रा २१-१ आहेत. पहिल्या दोन तपासण्यांचा गालाच्या कर्करोगाशी उपयोगाचा संबंध नाही. सीईए तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नसतानाही थोडे वाढलेले असते. उरलेल्या दोन्ही कर्करोग असूनही कित्येकदा सामान्य येतात, आणि एससीसी अँटिजेन सोरायसिससारख्या त्वचारोगांत किंवा मूत्रपिंड बिघडल्यावर वाढलेले दिसते. सामान्य आले तर खोटा दिलासा, वाढलेले आले तर महिनाभराची झोप उडणार, आणि दोन्ही वेळा उपचार तेच राहणार. हे पॅकेज करू नका. रेडिएशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा आणि हे पैसे सहा आठवड्यांच्या नागपुरातल्या राहण्या-खाण्यासाठी ठेवा.

ज्या रक्ततपासण्या खरोखर कामाच्या आहेत त्या साध्या आहेत. रेडिएशन सुरू होण्यापूर्वी सीबीसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे), सोडियम-पोटॅशियम आणि साखर. रेडिएशन चालू असताना सीबीसी ठरावीक अंतराने, आणि सिस्प्लॅटिन द्यायचे ठरले तर क्रिएटिनिन व मॅग्नेशियम प्रत्येक डोसपूर्वी. नागपूरच्या उन्हाळ्यात उपचार आले तर पाणी कमी पडून क्रिएटिनिन चढायला वेळ लागत नाही, म्हणून गिळताना दुखत असले तरी दिवसभरात किती पाणी गेले हे मोजायचे. मानेवर रेडिएशन झाल्यावर थायरॉइड मंदावू शकते, म्हणून पुढे दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी. यातली प्रत्येक तपासणी अशी आहे की ती बिघडली तर आम्ही काहीतरी बदलतो. कुठलीही तपासणी करण्यापूर्वी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा: उत्तर काहीही आले तरी उपचारांत काय बदलेल?

आणि जगण्यावर परिणाम करणारी जी गोष्ट आज तुमच्या हातात आहे ती वेळ आहे. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, आणि एकदा सुरू झाले की मध्ये खंड पडू नये. खंडाच्या प्रत्येक दिवशी उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो. नेहमीचा कार्यक्रम आठवड्याला पाच दिवस, एकूण ३० वेळा. तुमच्याकडचे तीन आठवडे संपले आहेत. दात तपासून, खराब असलेले काढून हिरडी भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर ठेवणारा मास्क बनवणे, सीटी करणे आणि आखणी यांना आणखी साधारण आठवडा. म्हणजे उरलेले तीन आठवडे जेमतेम पुरतील. घरातली चर्चा आणखी लांबवू नका. दातांच्या डॉक्टरांची आणि रेडिएशन विभागाची वेळ याच आठवड्यात घ्या, मूळ अहवाल, स्लाइड आणि शस्त्रक्रियेच्या नोंदींचा कागद सोबत न्या, आणि बाबांना स्वतः सोबत बसवून डॉक्टरांना विचारू द्या. खर्रा शस्त्रक्रियेनंतर बंद झाला असेल तर तो तसाच बंद राहील हे घरातल्या प्रत्येकाने पाहावे. उरलेल्या तोंडात नवा कर्करोग होण्याचा धोका त्यानेच वाढतो. जखम पूर्ण भरली नसेल किंवा त्यातून अजून स्राव येत असेल तर तसे लिहा, कारण मग दिवसांचा हा हिशेब बदलतो आणि आधी सर्जनना दाखवावे लागेल.